हातात मावणारे पुस्तक

जानेवारी उजाडला की व्यायाम आणि काटकसर यांच्या जोडीला वाचनाचाही संकल्प सोडला जातो. कोणी वर्षाला बारा पुस्तके ठरवतो, कोणी आठवड्याला एक. त्यामागोमाग दुसरा प्रश्न उभा राहतो : ही पुस्तके कागदावर वाचायची की ई-रीडरच्या पडद्यावर? नोव्हेंबर २००७ मध्ये अ‍ॅमेझॉनचे किंडल बाजारात आले, तेव्हापासून हा वाद घरोघरी रंगत आला आहे. कागदाचा वास, हाताला जाणवणारे वजन, समासात केलेल्या खुणा हे एका बाजूचे मुद्दे. प्रवासात शंभर पुस्तके बाळगण्याची सोय आणि हवा तितका मोठा टाइप हे दुसऱ्या बाजूचे. गंमत अशी की, या वादातील बहुतेक मुद्दे पंधराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत एकदा मांडून झालेले आहेत. त्या वेळी एका बाजूला हस्तलिखित होते आणि दुसऱ्या बाजूला छापील पुस्तक. त्या गदारोळात लॅटिन-ग्रीकच्या शिकवण्या करणारा एक मास्तर चाळिशीच्या सुमारास व्हेनिसला आला, छापखान्याच्या धंद्यात पडला आणि पुस्तक ही वस्तू त्याने कायमची बदलून टाकली.

आल्दुस मानुतियुस हे त्याचे लॅटिन नाव. इटालियनमध्ये तो आल्दो मानुत्सिओ. संगणकावर मजकूर तिरपा करण्यासाठी ‘इटालिक’चे बटण दाबणारा प्रत्येक माणूस नकळत त्याच्या छापखान्याशी नाते जोडत असतो.

आल्दुसचा जन्म १४५०च्या आसपास रोमच्या दक्षिणेकडील बास्सिआनो या डोंगरावरच्या गावात झाला. घराण्याला नाव नव्हते, पैसाही नव्हता. लॅटिनचे शिक्षण त्याने रोममध्ये घेतले आणि पुढे फेरारा येथे बात्तिस्ता ग्वारिनो या नामवंत गुरूकडे तो ग्रीक शिकला. तो रोममध्ये शिकत होता त्याच सुमारास छपाई ही कला इटलीत रुजत होती. योहान गुटेनबर्गचे बायबल माइन्झमध्ये १४५५च्या सुमारास छापून झाले होते. दोन जर्मन मुद्रकांनी १४६५ मध्ये रोमजवळच्या सुबियाको मठात छापखाना घातला आणि दोनच वर्षांत तो रोममध्ये आणला. व्हेनिसमध्ये छपाई पोहोचली ती १४६९ मध्ये. म्हणजे आल्दुसची पिढी ही दोन्ही प्रकारची पुस्तके हाताळत मोठी झालेली पहिली पिढी. अर्धी विद्या हस्तलिखितांतून आणि अर्धी छापील पानांतून मिळवलेली.

नव्या वस्तूकडे जाणकार मंडळी संशयानेच पाहत होती. उर्बिनोचा ड्यूक फेदेरिको याचे ग्रंथालय इटलीभर गाजलेले होते. त्यात एकही छापील पुस्तक नाही, असे ठेवल्यास मालकाला लाज वाटेल, असे त्याला हस्तलिखिते पुरवणाऱ्या वेस्पासियानो या फ्लोरेन्सच्या ग्रंथविक्रेत्याने मोठ्या अभिमानाने नोंदवून ठेवले आहे. अर्थात, विक्रेता स्वतःच्या मालाविषयी बोलत होता हे ध्यानात घ्यायला हवे. जर्मनीत श्पोनहाइमच्या मठाचा अधिपती योहानेस ट्रिथेमियुस याने १४९२ मध्ये लेखनिकांच्या स्तुतीसाठी एक ग्रंथच रचला. चर्मपत्रावर लिहिलेले हजार वर्षे टिकेल, कागदावर छापलेले फार तर दोनशे वर्षे, हा त्याचा मुख्य युक्तिवाद. हा ग्रंथ त्याने १४९४ मध्ये प्रसिद्ध केला तो मात्र माइन्झच्या छापखान्यात छापून घेऊन. खुद्द व्हेनिसमध्ये फिलिप्पो नावाचा एक भिक्षू छापखाने बंद करा म्हणून सत्ताधाऱ्यांना विनवीत होता. पुस्तके स्वस्त झाली की अडाण्यांच्या हाती पडतील, तरुणांची मने बिघडतील आणि चांगले लेखनिक उपाशी मरतील, अशी त्याची तक्रार. पडदा आला म्हणून आज व्यक्त होणारी चिंता यापेक्षा फार वेगळी नाही.

आल्दुस या वादापासून दूर, कार्पी या छोट्या संस्थानात राजपुत्रांना शिकवीत होता. आल्बेर्तो आणि लिओनेल्लो पिओ हे त्याचे शिष्य. त्यांची आई ही सुप्रसिद्ध तत्त्वज्ञ पिको देल्ला मिरान्दोलाची बहीण. राहण्याची सोय, मानाचे स्थान, हाताशी ग्रंथ आणि त्या ग्रंथांवर बोलायला पिकोसारखा माणूस. वाचनप्रेमी मास्तराला आणखी काय हवे असते? तरीही १४९०च्या सुमारास तो हे सारे सोडून व्हेनिसला आला. या निर्णयामागे शिक्षकाचाच अनुभव असावा. ग्रीक शिकवायचे तर विद्यार्थ्याच्या हाती द्यायला ग्रीक पुस्तकच नव्हते. ऑटोमन तुर्कांनी १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल घेतल्यानंतर ग्रीक पंडित हस्तलिखितांची गाठोडी घेऊन इटलीत येत होते, त्यांतले बरेच व्हेनिसमध्ये स्थिरावले होते. कार्डिनल बेसारिओनने आपला अमोल ग्रंथसंग्रह १४६८ मध्ये व्हेनिसला दान केला होता. व्हेनिसने तो कृतज्ञतेने स्वीकारला आणि पेट्यांत बंद करून वर्षानुवर्षे ठेवून दिला. सरकारी दानाची ही कथा कोणत्याही देशात, कोणत्याही शतकात ओळखीची वाटावी.

मधल्या काळात इटलीवर युद्धाची सावली पडली. फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स १४९४ मध्ये सैन्य घेऊन आल्प्स उतरला आणि पुढील कित्येक दशके हा देश परकीय सैन्यांच्या टाचांखाली राहिला. लुटालुटीत एखादा मठ जळाला की एखाद्या ग्रीक नाटककाराची शेवटची प्रत जळून जाण्याचा संभव होता. एक हस्तलिखित नष्ट होऊ शकते, हजार छापील प्रती एकाच वेळी नष्ट होणे कठीण, हा साधा हिशेब आल्दुसच्या उद्योगाच्या मुळाशी होता. त्याच्या प्रस्तावनांमधून युद्ध आणि ग्रंथ हे दोन विषय सारखे एकमेकांशेजारी येतात.

भांडवल त्याच्याजवळ नव्हते. आंद्रेआ तोर्रेसानी हा मुरलेला मुद्रक आणि पिएरफ्रान्चेस्को बार्बारिगो हा व्हेनिसच्या तत्कालीन दोजचा, म्हणजे राष्ट्रप्रमुखाचा, पुतण्या असे दोन भागीदार त्याला मिळाले. पैसा त्यांचा, विद्या याची. आल्दुसचा आर्थिक वाटा अगदीच किरकोळ होता. अक्षरे कोरण्यासाठी बोलोन्याचा फ्रान्चेस्को ग्रिफो हा कारागीर लाभला. ग्रीक पंडितांचे धावते हस्ताक्षर धातूत उतरवायचे म्हणजे काय दिव्य असते, याची कल्पना देवनागरी जोडाक्षरांचे खिळे जुळवलेल्या जुन्या जुळाऱ्यांना सहज येईल. त्या ग्रीक लेखनात अक्षरे एकमेकांत गुंतत आणि प्रत्येक गुंत्यासाठी वेगळा खिळा लागे.

छापखान्याचे पहिले तारीख असलेले पुस्तक म्हणजे लास्कारिसचे ग्रीक व्याकरण. त्यावर तारीख आहे २८ फेब्रुवारी १४९४, परंतु ते निघाले १४९५ मध्ये. याचे कारण व्हेनिसचे नवे वर्ष १ मार्चला सुरू होई. जानेवारी आणि फेब्रुवारी हे तेथे सरत्या वर्षाचे महिने होते आणि आल्दुसच्या कालगणनेत इतिहासकारांना अजूनही हा घोळ निस्तरावा लागतो. त्यानंतर १४९५ ते १४९८ या काळात अॅरिस्टॉटलचे पाच प्रचंड खंड मूळ ग्रीकमध्ये बाहेर पडले. अॅरिस्टॉफेनिसची नाटके १४९८ मध्ये आली. पुढे थ्युसिडिडीज, सोफोक्लिस, हिरोडोटस, युरिपिडीस, डेमोस्थेनिस, प्लेटो हे सारे पहिल्यांदा मूळ ग्रीकमध्ये ग्रंथरूपाने छापले गेले ते याच घरातून. ही यादी वाचायला सोपी आहे. तिच्यातील प्रत्येक नावामागे आधी हस्तलिखित मिळवणे, त्यातील अशुद्धे काढणे, दोन प्रती जुळत नसतील तर निवाडा करणे आणि मग ग्रीक न जाणणाऱ्या कामगारांकडून ते जुळवून घेणे, एवढे कष्ट होते. अशुद्ध प्रत शुद्ध करण्यासाठी वेळ द्यावा तर यंत्रे रिकामी राहतात आणि यंत्रे चालू ठेवावीत तर चुका छापल्या जातात, या चरकात तो आयुष्यभर पिळला गेला.

मोठ्या ग्रंथांचा खप बेताचा होता. छापखान्याने १४९८ मध्ये काढलेल्या किंमतपत्रकात अॅरिस्टॉटलच्या संपूर्ण संचाची किंमत अकरा दुकात, म्हणजे अकरा सोन्याची नाणी होती. गरीब विद्यार्थ्याच्या आवाक्यातली ती खासच नव्हती. त्याच वर्षी व्हेनिसमध्ये प्लेगने आल्दुसला गाठले. वाचलो तर संन्यस्त धर्मसेवक होईन असा नवस तो बोलला, वाचला आणि मग त्या वचनातून मोकळे करावे म्हणून त्याने धर्मसत्तेकडे विनंती केली. पुस्तकांचे काम अर्धवट टाकवेना, हे उघड होते.

यानंतर एप्रिल १५०१ मध्ये व्हर्जिलच्या लॅटिन काव्यांचे एक पुस्तक निघाले. ते पाहून त्या काळच्या वाचकाला प्रथम काय वाटले असेल याची कल्पना करण्यासाठी आधीची पुस्तके डोळ्यांपुढे आणावी लागतात. अभिजात लेखकाचे पुस्तक म्हणजे तेव्हा मेजावर किंवा उतरत्या चौरंगावर ठेवूनच वाचायची वस्तू होती. ग्रंथालयांत तर ती साखळीने बांधलेली असे. पानाच्या मधोमध मूळ कवितेच्या चार ओळी आणि त्यांना चहूबाजूंनी वेढून बसलेली टीका. आपल्याकडील त्रिपाठ पोथीत मूळ संहिता मध्यभागी आणि भाष्य वर-खाली असते, तसाच काहीसा प्रकार. वाचक कवीपर्यंत पोहोचायचा तो पंडितांच्या गर्दीतून वाट काढीत.

आल्दुसने ती सारी टीका काढून टाकली. कागदाचा मोठा ताव तीन वेळा दुमडला की आठ पाने म्हणजे सोळा पृष्ठे होतात. या अष्टपत्री आकारात त्याने व्हर्जिल छापला. उंची सहा इंचांच्या आसपास. आज डेमी अष्टमांश म्हणून ओळखले जाणारे पुस्तक याच कुळातले, फक्त अंगाने अधिक भरलेले. हा आकार त्याने शोधून काढला असे मात्र नाही. प्रार्थनापुस्तके आधीपासून लहान निघत होती आणि मित्र पिएत्रो बेम्बोच्या वडिलांच्या संग्रहातील लहान हस्तलिखिते पाहून आपल्याला ही कल्पना सुचली, हे आल्दुसने पुढे प्रांजळपणे मान्य केले. देवासाठी राखून ठेवलेला आकार त्याने कवींना दिला, एवढेच. परिणाम मात्र असा झाला की पुस्तक मेजावरून उठले आणि माणसाच्या हातात आले.

या पुस्तकातील अक्षरेही नवी होती. विद्वान मंडळी घाईने, किंचित उजवीकडे झुकवून जे हस्ताक्षर लिहीत त्याचे ठसे ग्रिफोने कोरले. तेच आजचे इटालिक. आज मजकुरातील एखादा शब्द उठून दिसावा म्हणून ते वापरतात, परंतु तेव्हा सबंध पुस्तकच त्यात छापले जाई. तिरप्या अक्षरांमुळे जागा वाचली, त्यामुळे पुस्तके स्वस्त झाली आणि गोरगरिबांपर्यंत पोहोचली, अशी कथा छपाईच्या इतिहासावरील लोकप्रिय लेखनात वारंवार सांगितली जाते. ती सुंदर आहे, पण तिला फारसा आधार नाही. आल्दुसने लहान पुस्तकांच्या स्वस्ताईची जाहिरात कधी केली नाही. ती सहज बाळगता येतात, हेच त्याने सांगितले. छापील अक्षर हस्ताक्षरासारखे दिसावे हा त्यामागील डाव अधिक चतुर होता. जुन्या वस्तूवर प्रेम करणाऱ्या वाचकाला नव्या वस्तूत जुनी ओळख पटावी लागते. ई-रीडरच्या पडद्याला कागदाचा रंग आणि शाईचा काळेपणा देण्यासाठी अभियंत्यांनी जी धडपड केली, तिच्या मागेही हीच समजूत आहे.

व्हर्जिलपाठोपाठ होरेस, पेत्रार्क, युव्हेनाल, मार्शियल अशी रांग लागली. पुढच्या वर्षी दान्ते आला. कातुल्लुस आणि इतर दोन कवींचे पुस्तक १५०२ मध्ये तीन हजार प्रतींचे निघाले. काही शेकड्यांच्या आवृत्त्यांची सवय असलेल्या काळात हा आकडा धाडसाचा होता. चांगल्या लेखकाच्या हजाराहून अधिक प्रती आपण दर महिन्याला जगाला देतो, असे त्याने एका प्रस्तावनेत अभिमानाने नमूद केले आहे. वाचनसंकल्पाच्या भाषेत बोलायचे तर महिन्याला एक पुस्तक, पण हजार माणसांसाठी.

ही माणसे कोण होती? होरेसचे पुस्तक त्याने मारिन सानुदो या व्हेनिसच्या सरदाराला अर्पण केले आणि राज्यकारभारातून सवड मिळेल तेव्हा हे छोटे पुस्तक वाचता येईल असे सुचवले. सानुदो हा राजकारणी आणि रोजनिशीकार. त्याच्या रोजनिशीचे अठ्ठावन्न खंड छापले गेले आहेत आणि त्याच्या घरी साडेसहा हजार ग्रंथ होते. उतारवयात हलाखीमुळे त्यातील बहुतेक त्याला विकावे लागले, हा भाग वेगळा. आल्दुसचा नवा वाचक हा असा होता : वकील, राजदूत, सरदार, अधिकारी. विद्यापीठातून बाहेर पडून कामधंद्याला लागलेला, वाचायची इच्छा असलेला आणि वेळ तुकड्यातुकड्यांनी मिळणारा. लोकलमध्ये किंवा दवाखान्याच्या बाकावर पुस्तक उघडणाऱ्या आजच्या शहरी वाचकाचा तो पूर्वज म्हणायला हरकत नाही. फ्लोरेन्सच्या राजकारणातून फेकला गेलेला मॅकियाव्हेली १५१३च्या डिसेंबरमध्ये एका मित्राला आपली दिनचर्या कळवतो. दिवसा तो दान्ते, पेत्रार्क किंवा एखादा लहानसा कवी काखेला मारून रानातील झऱ्याकाठी जाऊन वाचतो आणि रात्री मळके कपडे उतरवून, दरबारी पोशाख चढवून, अभ्यासिकेत प्राचीनांच्या सहवासात चार तास काढतो. बरोबर नेण्याचे वाचन वेगळे आणि घरात बसून करण्याचे वेगळे, ही वाटणी त्याच्यापुरती तरी निर्विवाद होती.

वस्तू म्हणून पुस्तकावर प्रेम करणारेही आल्दुसने दुखावले नाहीत. श्रीमंत ग्राहकांसाठी तो काही प्रती चर्मपत्रावर छापी. मांतुआची मार्किझ इझाबेला देस्ते हिने १५०५ मध्ये अशा प्रती मागवल्या. त्या आल्या, तिने जाणकारांना दाखवल्या आणि किंमत अवाच्या सवा आहे म्हणून परत पाठवल्या.

यशामागोमाग चोर आले. फ्रान्समधील लिआँ शहरातील मुद्रकांनी व्हर्जिल निघाल्यानंतर वर्षाच्या आतबाहेर तसाच आकार, तशीच तिरपी अक्षरे आणि तोच मजकूर घेऊन नकला बाजारात आणल्या. आल्दुसने व्हेनिसच्या सेनेटकडून आणि पोपकडून आपल्या अक्षरांच्या संरक्षणाचे हक्क मिळवले, पण लिआँमध्ये व्हेनिसचा कायदा चालत नव्हता. अखेर १६ मार्च १५०३ रोजी त्याने एक जाहीर पत्रक काढले. नकली प्रती कशा ओळखाव्यात ते त्यात सांगितले होते : आपले बोधचिन्ह नाही, कागद हलका आणि त्याला घाणेरडा वास, अक्षरांना फ्रेंच वळण. शिवाय कोणत्या पुस्तकात कोणत्या चुका आहेत याची यादी. लिआँच्या मंडळींनी ते पत्रक लक्षपूर्वक वाचले आणि त्यातील चुका दुरुस्त करून पुढच्या नकला छापल्या. मुद्रितशोधनाची एवढी मोठी सेवा स्पर्धकाला फुकट पुरवणारा प्रकाशक विरळाच. कागदाच्या वासाला पुस्तकाच्या प्रतिष्ठेशी जोडणारा पुरावाही बहुधा इतका जुना दुसरा सापडणार नाही.

त्या बोधचिन्हाविषयी दोन शब्द सांगायला हवेत. नांगराला विळखा घातलेला डॉल्फिन, हे चित्र बेम्बोने भेट दिलेल्या एका जुन्या रोमन नाण्यावरून घेतलेले होते आणि १५०२ पासून ते पुस्तकांवर छापले जाऊ लागले. डॉल्फिन वेगवान, नांगर जागचा न हलणारा. घाई करावी, पण जपून, असा त्याचा अर्थ सांगितला जाई. छापखान्यात या दोहोंपैकी नांगराच्या वाट्याला फारसे काही येत नसे.

ग्रिफोशी झालेला बेबनाव ही मात्र आल्दुसच्या चरित्रातली काळी बाजू. व्हर्जिलच्या आरंभी त्याने या कारागिराचे नाव घेऊन कौतुक केले होते. तथापि अक्षरांचे कायदेशीर हक्क आल्दुसच्या नावे झाल्यावर ती ज्याने कोरली त्यालाच ती दुसऱ्या कोणासाठी व्हेनिसमध्ये कोरता येईनात. ग्रिफो व्हेनिस सोडून गेला. फानो येथील मुद्रक सोन्चिनो याने १५०३ मध्ये आपल्या पुस्तकात स्पष्ट छापले की आल्दुसच्या छापखान्यातील सर्व अक्षरांचे श्रेय ग्रिफोचे आहे. पुढे १५१६ मध्ये ग्रिफोने बोलोन्यात स्वतःची छोटी पुस्तके काढायला सुरुवात केली. लवकरच भांडणात जावयाचा जीव घेतल्याचा आरोप त्याच्यावर आला आणि त्यानंतर तो कागदपत्रांतून नाहीसा होतो. आज जगातल्या प्रत्येक संगणकावर ज्याची करामत आहे, त्याचे थडगे कोठे आहे हे सांगता येत नाही.

आल्दुसने १५०५ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, भागीदार तोर्रेसानीच्या मुलीशी, मारियाशी लग्न केले. ती वयाने त्याच्या निम्म्याहूनही लहान होती. संसार आणि छापखाना सासऱ्याच्या घरी सान पातेर्नियान भागात एकत्र आला. १५०८ मध्ये डेसिडेरियस इरॅस्मस काही महिने तेथे राहिला. म्हणींच्या त्याच्या संग्रहाची पॅरिसची आवृत्ती आठशेच्या घरातली होती, ती येथे तीन हजारांवर गेली. छापखान्याच्या कोपऱ्यात बसून इरॅस्मस लिही, ओली पाने यंत्राकडे जात, मित्र नवनवी ग्रीक हस्तलिखिते आणून देत आणि आल्दुस शेवटचे मुद्रित स्वतः वाची. त्या घरात तीसेक माणसे जेवायला असत. जेवण किती निकृष्ट होते याचे विडंबन इरॅस्मसने कितीतरी वर्षांनी, १५३१ मध्ये, एका संवादात केले आणि सासरेबुवांच्या कंजूषपणाला अमर करून ठेवले.

या धबडग्यात आल्दुसचे स्वतःचे वाचन कुठे राहिले? त्याच्या प्रस्तावनांतून एक तक्रार सारखी डोके वर काढते : वेळ नाही. पत्रांचा ढीग, भेटायला येणाऱ्यांची रीघ, जांभया देत बसून राहणारे रिकामटेकडे. शेवटी त्याने दारावर पाटी लावली. काम असेल तर थोडक्यात सांगा आणि चालते व्हा, खांद्याला खांदा लावून मदत करणार असाल तरच थांबा, असा तिचा आशय. कार्पीत ग्रंथांच्या सहवासात सुखाने वाचत बसलेला मास्तर दुसऱ्यांच्या फावल्या वेळासाठी पुस्तके तयार करता करता स्वतःचा फावला वेळ गमावून बसला होता. हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन अशा तीन भाषांतील बायबलचा त्याचा संकल्प नमुन्याच्या एका पानापलीकडे गेला नाही. ज्या ग्रीक व्याकरणासाठी त्याने वर्षानुवर्षे टिपणे काढली, ते त्याच्या हयातीत पूर्ण झाले नाही. ते १५१५च्या अखेरीस त्याचा स्नेही मुसुरुस याने प्रसिद्ध केले.

युद्धानेही त्याला सोडले नाही. १५०६ मध्ये प्रवासात मांतुआच्या हद्दीत पहारेकऱ्यांनी त्याला भलताच कोणी समजून पकडले आणि काही दिवस कोठडीत डांबले. १५०९ मध्ये पोप, फ्रान्स आणि सम्राट यांच्या संयुक्त आघाडीने आन्यादेल्लो येथे व्हेनिसचा पराभव केला तेव्हा छापखाना बंद पडला. आल्दुस शहर सोडून गेला आणि १५१२ मध्ये परतला. त्यानंतरच्या अडीच वर्षांत त्याने कामाचा सपाटा लावला. १५१३ मध्ये प्लेटोचे समग्र ग्रीक ग्रंथ नव्या पोपला, दहाव्या लिओला, अर्पण करून निघाले. वीस वर्षांत मिळून त्याच्या नावावर सुमारे १३० आवृत्त्या जमा झाल्या.

शेवटचे पुस्तक म्हणजे जानेवारी १५१५ मध्ये निघालेला लुक्रेतियुस. ते पुन्हा तोच लहान आकार, तीच तिरपी अक्षरे घेऊन आले आणि त्याच्या आरंभी आल्बेर्तो पिओचे नाव होते, कार्पीतील शिष्याचे. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या टॉमस मोरने आपल्या ‘युटोपिया’त कल्पित बेटावर जाणाऱ्या प्रवाशाच्या सामानात ग्रीक ग्रंथ ठेवले, तेही आल्दुसच्या लहान टाइपातले. सामानात पुस्तके घालायची तर ती कोणाची, याविषयी युरोपातल्या वाचकांना आता शंका उरली नव्हती.

१९८५ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीने संगणकावर पुस्तकाची पाने लावण्याची पेजमेकर ही प्रणाली आणली. त्या कंपनीचे नाव होते ‘आल्डस’. मराठी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत आणि प्रकाशकांच्या डीटीपी केंद्रांत नव्वदच्या दशकात हजारो पाने याच पेजमेकरवर लागली. कंपनी १९९४ मध्ये अ‍ॅडोबीत विलीन झाली, प्रणाली काळाआड गेली आणि त्या फाइली उघडणे आज जिकिरीचे झाले आहे. चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या कागदावर छापलेला १५०१चा व्हर्जिल मात्र ग्रंथालयांत अजून सहज उघडतो. ट्रिथेमियुसने कागदाला दिलेली दोनशे वर्षांची मुदत केव्हाच उलटून गेली.

आल्दुसचे निधन ६ फेब्रुवारी १५१५ रोजी झाले. व्हेनिसच्या हिशेबाने १५१४ हे वर्ष सरायला अजून तीन आठवडे बाकी होते. सानुदोने रोजनिशीत नोंद केली. सान पातेर्नियानच्या चर्चमध्ये पार्थिव ठेवले तेव्हा त्याच्या भोवती पुस्तके मांडण्यात आली होती. हे चर्च एकोणिसाव्या शतकात पाडले गेले आणि तेथे आता एक चौक आहे. मृत्यूच्या तीन आठवडे आधी त्याने मृत्युपत्र केले होते. त्यात बायकामुलांची सोय लावल्यावर अक्षरांचा विषय आहे. तिरप्या लहान अक्षरांना जोड म्हणून ग्रिफोने मोठी अक्षरे सरळच ठेवली होती आणि प्रत्येक ओळीच्या आरंभी ते उभे अक्षर चौदा वर्षे आल्दुसच्या डोळ्यांना खुपत होते. ती मोठी अक्षरे जूलिओ काम्पान्योला या कलावंताकडून नव्याने करून घ्यावीत, अशी सूचना त्याने मागे ठेवली.